गुरुवारचे चिंतन : खोटा ‘हो’ आणि खरा ‘नाही’

॥ श्री गुरुदेव दत्त ॥


देवगिरी किल्ल्याचा कारभार जनार्दनस्वामींकडे होता. जबाबदारी मोठी, तरी गुरुवारी स्वामी उपासनेत असत आणि त्या दिवशी कचेरी बंद राही, असे परंपरा सांगते. बाकीचे दिवस हिशेब इतका चोख, की एका पैच्या चुकीसाठी शिष्य एकनाथ रात्रभर वह्या घेऊन बसले. आपण पैची गोष्ट नेहमी सांगतो, गुरुवारची विसरतो.

हे आठवायचं कारण असं. आपल्या बुऱ्हाणपुरातल्या एक गुरुभगिनी घरी शिवणकाम करतात. लग्नसराईत रात्री दहाला फोन, आरतीच्या वेळी दारात गिऱ्हाईक. “ताई, उद्याच पाहिजे हं, पैसे नंतर देते.” ताई सगळ्यांना हो म्हणायच्या. ओळखीची माणसं, नाही कसं म्हणणार? एकदा सत्संगात त्या रडल्या. “कामानं थकत नाही हो मी. पण दिवसभर खोटं बोलते. फक्त हुक लावायचे राहिलेत म्हणते, आणि कापड अजून कापलेलंही नसतं. परवा एका मुलीच्या हळदीला ब्लाउज पोचला नाही.”

आम्ही सगळे गप्प झालो. कुणाचं दुकान, कुणाचे लूम, कुणाची शिकवणी. आपणही हेच करतो. भिडेलाच आपण दया समजतो. पण जमणार नाही त्याला दिलेला होकार हे असत्यच आहे. त्यात सेवा नसते, लोकांनी आपल्याला चांगलं म्हणावं ही हाव असते.

ताईंनी मग दारावर पाटी लावली. वेळ ११ ते ६. निम्मे पैसे आगाऊ. तारीख वहीत लिहूनच कापड घेऊ. गुरुवारी काम बंद. दोन-तीन गिऱ्हाइकं तुटली, त्यातली एक शेजारचीच. ती अजून बोलत नाही. पण दिलेली तारीख आता मोडत नाही, आणि आरतीत मन लागतं.

कुणी खरंच अडलेलं आलं तर नियम जरूर बाजूला ठेवावा. पण ते आपण समजून दिलेलं दान असावं, भिडेनं ओढून नेलेलं नव्हे.

आपल्या गावचा कुंडी भंडाराच बघा ना. १६१५ च्या सुमारास सातपुड्याच्या उताराचं झिरपतं पाणी जमिनीखालच्या वाटेनं, कुंडी-कुंडीतून शहरापर्यंत आणलं. वाट बांधलेली होती म्हणून ते तहानलेल्यापर्यंत पोचलं. मोकळं सोडलं असतं तर वाटेतच जिरलं असतं. आपली शक्तीही तशीच आहे.

*या आठवड्याचा नेम*
🌼 ‘हो’ म्हणण्याआधी वही उघडून बघू.
🌼 दर, वेळ आणि आगाऊ रक्कम काम घेण्याआधीच सांगू.
🌼 ‘नाही’ म्हणताना आवाज चढवणार नाही, खोटी सबबही सांगणार नाही.

सद्गुरू आपल्या जिभेवर सत्य आणि गोडवा दोन्ही ठेवोत, हीच प्रार्थना.

जय गुरुदेव 🙏🌹