फडकं खाली ठेवा

शिक्षक दिनाला व्यापारी मंडळाने मला बोलावलं, शाल घातली आणि "बाईंनी दोन शब्द सांगावेत" म्हणालात. दोन शब्दांत भागणार नाही. बसा. मोबाइल खिशात. मागच्या रांगेतल्यांनी पुढे या. शाळेतही तुम्ही मागेच बसायचात आणि सगळे उद्योग तिथूनच चालायचे.

परवा बाजारात गेले होते. दुकान कोणाचं ते सांगत नाही. ज्याचं आहे तो आत्ता स्वतःच्या बुटांकडे बघतोय. दुकानातला पोऱ्या स्टुलावर बसून सुक्या खोबऱ्याच्या वाट्या पुसत होता. हातातल्या वाटीवर रुपयाएवढा हिरवट-काळा डाग. पोऱ्याने फडक्याला दोन थेंब तेल लावलं, डाग चोळला, वाटी उजेडात धरून बघितली आणि चकचकीत वाट्यांच्या ढिगात टाकली. पलीकडच्या ढिगातली पुढची वाटी उचलली. मी विचारलं, हे काय? गल्ल्यावरून उत्तर आलं, "बाई, पावसाळा आहे, होतंच. वरचंच असतं ते."

वरचंच असतं? नववीत मी काय शिकवलं होतं? डोळ्यांना दिसतो तो हिरवा-काळा थर म्हणजे बीजाणूंची गर्दी. बुरशीचे तंतू त्याच्या आधीच आत पसरलेले असतात, आणि ते रंगहीन असतात म्हणून दिसत नाहीत. शेतकऱ्यांची पोरं ना तुम्ही? हरळी वरवर खुरपली तर जाते का? मग फडक्याने तुम्ही नेमकं काय पुसता? बुरशी तर जात नाही. गिऱ्हाइकाला सावध करणारी एकमेव खूण तेवढी जाते. याला साफसफाई म्हणत नाहीत, पुरावा नष्ट करणं म्हणतात.

आणि बुरशी म्हणजे नुसता कुबट वास नव्हे. शेंगदाणे, मका, खोबरं, मिरची यांच्यावर उष्ण-दमट हवेत अॅस्परजिलस फ्लेव्हस नावाची बुरशी वाढते आणि अफ्लाटॉक्सिन नावाचं विष तयार करते. त्याला रंग नाही, वेगळी चव नाही. बुरशी मेली तरी विष मागे राहतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने त्याला पहिल्या गटात टाकलंय, म्हणजे तंबाखूच्या पंगतीत. ते यकृतावर जातं. ज्याच्या अंगात हिपॅटायटिस बी आहे त्याला यकृताच्या कर्करोगाचा धोका कित्येक पटींनी वाढतो. तुमच्या दारात उभ्या गिऱ्हाइकाच्या कपाळावर लिहिलेलं नसतं त्याला तो आजार आहे की नाही ते.

"बाई, भाजल्यावर सगळं मरतं." हे कोण बोललं? वर हात कर. बुरशी मरते; विषाचं काय? ते पूर्ण मोडायला दोनशे अंशांच्या बरंच वर तापमान लागतं. तुमच्या कढईत, कुकरमध्ये, तव्यावर थोडंफार कमी होईल, संपणार नाही. आणि दुसरा एक हुशार आहे, मला ठाऊक आहे, तो म्हणेल की पेनिसिलिनही बुरशीपासूनच निघतं. निघतं. त्याच पेनिसिलियम घराण्यातल्या दुसऱ्या बुरशा मूत्रपिंडाला घातक सिट्रिनिन आणि सडक्या सफरचंदातलं पॅट्युलिन बनवतात. अर्धा धडा वाचून परीक्षेला बसायची सवय अजून गेलेली दिसत नाही.

आता शेंगदाण्याकडे या, कारण खरं पाप तिथे आहे.

पोत्यातले सगळे दाणे सारखे खराब नसतात. विष थोड्याच दाण्यांत एकवटलेलं असतं: सुरकुतलेले, फुटलेले, काळपट-पिवळट पडलेले. म्हणून निवडणं हाच सगळ्यात चांगला उपाय आहे. युरोपात खाण्याच्या शेंगदाण्यात एकूण अफ्लाटॉक्सिनची मर्यादा किलोला 4 मायक्रोग्रॅम आहे. आपल्याकडे प्रक्रियेला जाणाऱ्या दाण्याला 15. एका ग्रॅमचे दहा लाख भाग करा, त्यातले पंधरा. इतक्या बारीक मापाचं हे प्रकरण. निर्यातवाला म्हणूनच यंत्र लावून एकेक काळा दाणा बाजूला काढतो. तुमच्याकडेही बायका बसून दाणे निवडतात, मी बघितलंय. छान. मग मला सांगा, तो निवडून काढलेला दाणा जातो कुठे?

गप्प का? मी सांगते. कुटात जातो. चटणीत जातो. चिक्कीवाल्याला अर्ध्या भावात जातो. अख्ख्या दाण्यात गिऱ्हाईक निदान कडवट दाणा थुंकून टाकतं. कुटात ती सोयही तुम्ही ठेवत नाही. आणि कुटाचा खप कधी जास्त? श्रावणात, नवरात्रात. म्हणजे बाई दिवसभर उपास करणार, संध्याकाळी साबुदाण्याच्या खिचडीत मूठभर कूट घालणार, आणि त्या मुठीत तुमच्या पोत्यातली घाण. वर पाकिटावर "उपवास स्पेशल" छापायला तुम्ही विसरत नाही!

काही दाणा घाण्याला जातो. त्यातलं बरंचसं विष पेंडीत उतरतं, थोडं गाळीव तेलात राहतं. पेंड गुरांना. गाईने अफ्लाटॉक्सिन खाल्लं की त्याचं रूप बदलतं आणि ते दुधात येतं. 2018 साली अन्नसुरक्षा प्राधिकरणाने देशभरातून दुधाचे 6,432 नमुने तपासले. त्यातल्या 368 नमुन्यांत हे विष मर्यादेपेक्षा जास्त निघालं. दुधात पाणी घातलं म्हणून गवळ्याला शिव्या देताना एवढं लक्षात असू द्या की त्याच्या गोठ्यातली पेंड कुणाच्या तरी गोदामातूनच आलेली असते.

"आजवर कुणी मेलं का?" असं तुमच्यातला एक जण मला तोंडावर म्हणाला. मेले आहेत. 1974 च्या ऑक्टोबरात राजस्थानच्या बांसवाडा आणि गुजरातच्या पंचमहाल जिल्ह्यांत अवकाळी पावसात मका भिजला. तो नीट वाळला नाही, तसाच साठवला गेला, बुरसला. आदिवासी घरांत तोच रोज रांधला गेला. काही आठवड्यांत माणसांना कावीळ झाली, पोटं पाण्याने फुगली. त्याच घरांतलं अन्न खाणारी कुत्रीही आजारी पडून मेली. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या शास्त्रज्ञांनी नोंद केली ती 397 रुग्णांची. त्यांतले 106 दगावले. 2004 मध्ये केनियात मक्यानेच 125 माणसं गेली. त्या लोकांकडे दुसरं धान्य नव्हतं म्हणून त्यांनी बुरसलेलं खाल्लं. तुमच्याकडे काय कारण आहे? पोत्यामागे चार पैसे?

इतक्या मोठ्या मात्रेने माणूस लगेच पडतो, बोभाटा होतो. थोडंथोडं रोज पोटात गेलं तर वीस वर्षांनी यकृत जातं, आणि तेव्हा तुमच्या दुकानाचं नाव कुणालाही आठवत नाही. याच भरवशावर तुमचा धंदा चाललाय.

बेकरीवाल्यांनी हसू नये. पावाच्या लादीचा एक कोपरा हिरवा झाला की तेवढा मोडून उरलेली लादी विकता, आणि जास्तच झालं तर टोस्ट करता. पाव सच्छिद्र असतो, तंतू त्यात खोलवर सहज पोचतात. अख्खी लादी टाकायची. मिठाईवाल्यांना 1 ऑक्टोबर 2020 पासून सुट्या मिठाईच्या ट्रेवर "या तारखेपर्यंत खावी" ही पाटी लावणं बंधनकारक आहे. मी गावातल्या ट्रेंवर एकच तारीख गणपतीपासून बघतेय. मिरचीवाल्यांबद्दल काय बोलू? वजन वाढावं म्हणून पाणी मारता, मग ती आतून पांढरी पडते आणि कांडपात गेली की तिखट लालच दिसतं. तिखटाने डोळ्यांत पाणी येतं तेवढं पुरे आहे, मिरचीत नको.

एक गोष्ट मान्य करते. माल वरूनच खराब येतो, ही तुमची तक्रार अगदी खोटी नाही. लागण शेतात होते, काढणीच्या पावसात होते. पण पोतं उघडून नाक लावायला, ओल बघायला, परत पाठवायला तुम्हाला कुणी अडवलंय? दाण्यात ओलावा आठ टक्क्यांच्या आत हवा, आणि तो मोजायचं यंत्र बाजारात मिळतं. तुमच्या गोदामात पोती थेट फरशीवर, भिंतीला टेकून, आणि भिंतीवर पावसाळ्यात ओल आलेली. खाली लाकडी फळ्या टाका, भिंतीपासून हातभर जागा सोडा, जुना माल पुढे आणि नवा मागे लावा. ज्या डब्यात जुन्याचा चुरा आहे त्यातच नवा ओतू नका. डबा धुऊन, उन्हात कडकडीत वाळवून मगच भरा. यात कळायला अवघड काही आहे का? पाढे म्हणायला लावले तर बारापर्यंत अडखळाल, पण हे तुम्हाला येतं.

कायदाही सांगून ठेवते, कारण उद्या "माहीत नव्हतं" म्हणाल. 2006 च्या अन्नसुरक्षा कायद्यात घाणेरड्या जागेत अन्न तयार केलं किंवा त्यावर प्रक्रिया केली तर लाख रुपयांपर्यंत दंड आहे. असुरक्षित अन्नाने माणूस दगावला तर किमान सात वर्षं, जास्तीत जास्त जन्मठेप. पण छडीला भिऊन शुद्धलेखन सुधारणारा पोर मला कधी आवडला नाही, आणि अन्न व औषध प्रशासनाचा निरीक्षक येणार म्हणून गोदाम झाडणारा दुकानदारही आवडणार नाही.

उद्या सकाळी दुकान उघडलं की पहिलं गिऱ्हाईक यायच्या आधी बुरसलेला सगळा माल वेगळा काढा. तो कुटाला द्यायचा नाही, हॉटेलवाल्याला स्वस्तात द्यायचा नाही, घाण्याला नाही, गुरांनाही नाही, आणि "गरीब माणूस आहे, नेऊ दे" म्हणून दारात आलेल्या कुणाला तर मुळीच नाही. नुकसान तुमचं आहे, ते तुम्हीच सोसायचं. खड्डा करा आणि पुरून टाका.