नासणाऱ्याची बाजू

मुंबईला पब कधी नव्हताच, होते ते गुत्ते. पब आला तो गिरण्यांच्या आवारात बिअरच्या टाक्या बसल्या तेव्हा. परवा दादरला एका चर्चेत हे वाक्य ऐकले. बोलणारा तरुण होता, हुशार होता, आणि वाक्याला टाळी पडली. टाळी वाजवणाऱ्यांत केस पिकलेले, गिरगाव-परळात जन्म काढलेले लोकही होते, याचे मला जास्त वाईट वाटले.

प्यावे की पिऊ नये, हा या लेखाचा विषय नाही. ज्यांच्या घराचे दारूने वाटोळे केले त्यांच्याशी वाद घालायला मी धजणार नाही. सरकारला या प्रश्नात गल्ला दिसतो, तेही बाजूला ठेवू. राहता राहिले परमिट रूमच्या जुन्या पाट्यांचे फोटो काढून हळहळणारे. त्यांची हळहळ आता इंग्लंडात पोचली आहे. डिशूम रेस्टॉरंटवाल्यांनी ब्रायटनला ‘परमिट रूम’ याच नावाचा बार थाटला आहे. थाटू दे बापडे.

भांडायचे आहे ते त्या टाळीच्या वाक्याशी. त्यामागचा युक्तिवाद साधारण असा: इंग्रजी पबचा प्राण म्हणजे तिथली ‘रिअल एल’. ती ताजी, स्थानिक आणि कारागिराच्या हातची. तशी बिअर पुण्यात 2009 साली डूलालीने आणली, 2013 च्या सुमारास लोअर परळला मथुरादास मिलच्या आवारात बार्किंग डिअर आले, पुढे रांगच लागली. सबब मुंबईला पब मिळाला. ताजी, स्थानिक, कारागिराची: हे तीन शब्द आता बारच्या मेनूकार्डापासून रविवारच्या पुरवणीपर्यंत सगळीकडे एका दमात म्हटले जातात, आणि रिअल एल म्हणजे काय हे विचारायचे राहूनच जाते.

ते आधी पाहू. 1971 मध्ये आयर्लंडात सुट्टीवर गेलेल्या चार इंग्रज तरुणांनी खऱ्या एलसाठी एक चळवळ काढली, ती पुढे कॅम्रा या नावाने मोठी झाली. त्या काळी ब्रिटनमधल्या बड्या कंपन्या बिअर गाळून, तापवून, त्यातले यीस्ट मारून, धातूच्या पिंपात वायूच्या दाबाखाली पाठवू लागल्या होत्या. अशी बिअर कुठेही जाते, कितीही थांबते, आणि सगळीकडे सारखीच लागते. कॅम्रावाल्यांचे भांडण या थांबण्याशी होते. त्यांची एल पिंपात जिवंत येते. पबच्या तळघरात तिचे आंबणे पुरे होते, गाळ खाली बसतो, मग मालक पिंपाला तोटी ठोकतो आणि हातपंपाने ती वर खेचतो. बाहेरचा वायू आत सोडायचा नाही. जेवढी बिअर बाहेर येते तेवढी हवा आत शिरते, आणि हवा शिरली की घड्याळ सुरू. तीन दिवस, फार तर थोडे जास्त, की ती आंबट पडते.

आता यातला हिशेब बघा. फर्किन नावाच्या पिंपात 9 गॅलन मावतात, म्हणजे सुमारे 41 लिटर, 72 पाइंट. तोटी ठोकल्यापासून तीन दिवसांत 72 ग्लास खपले पाहिजेत, नाहीतर उरलेले मोरीत. मालकाला त्यामुळे गावाची तहान पाठ असावी लागते. पाऊस पडला तर कोण येणार नाही, कोणाची बायको माहेरी गेली आहे, फुटबॉलची मॅच कधी. मी तिकडे एका खेड्यातल्या पबमध्ये गेलो होतो तेव्हा एका पंपावरची पाटी उलटी फिरवलेली दिसली. संपली, असा त्याचा अर्थ. दुसरे पिंप आत होते, पण मालकाने ते उघडले नाही; सोमवार होता, उघडले असते तर बुधवारपर्यंत संपले नसते. मला त्या उलट्या पाटीत जो पब दिसला तो तिथल्या लाकडी तुळयांत दिसला नव्हता.

म्हणून माझा भेद एवढाच आहे: काही पेये नासतात, काही टिकतात. नासणाऱ्या पेयाला शेजार लागतो, टिकणाऱ्याला गिऱ्हाईक पुरते. हा भेद मी दारूपुरताही मानत नाही. बोंबील दुपारपर्यंत थांबत नाही, म्हणून कोळीण तुमचे दार ओळखते आणि तुमच्या सासूचा उपासही तिला ठाऊक असतो. बर्फातल्या सुरमईला तुमचे दार ठाऊक असण्याची गरज पडत नाही.

या कसोटीवर मुंबईचा पब कुठला, हे शोधायला लांब जायला नको. माडी. भंडाऱ्याने पहाटे माडावर चढावे, पोयीला छेव द्यावा, मडके उतरवावे. सकाळी गोड असलेला रस चढत्या उन्हाबरोबर आंबत जातो, दुपारी फेसाळतो, संध्याकाळी तोंड वाकडे करायला लावतो आणि पुढे त्याचा शिरका होतो. पिणारा झाडापासून चालत येण्याच्या अंतरावरच असायला हवा, कारण माडी त्याच्यासाठी थांबत नाही. गिरगावच्या वाड्या या मुळात वाड्याच होत्या, माडांच्या, फणसांच्या, केळींच्या. माहीम-दादरकडे तर माडांची रानेच. माझगावचा भंडारवाडा, दादरचा कित्ते भंडारी हॉल ही नावे हवेतून आलेली नाहीत. याच भंडाऱ्यांमधून कंपनी सरकारने मुंबईची पहिली राखणदार पलटण उभी केली होती, म्हणजे शहराच्या पोलिसांचा मूळपुरुष माडावरून उतरलेला आहे. हे जाता जाता.

पुढचे सर्वांना माहीत आहे. 1878 च्या अबकारी कायद्याने माडी काढण्याला परवाना आणि झाडागणिक कर आला, गाळपाचा धंदा मक्तेदारांच्या मोठ्या भट्ट्यांकडे सरकला, उरणची मोहाची दारू बोटीने मुंबईत येऊ लागली. ‘गुत्ता’ या शब्दाचा मूळ अर्थच मक्ता, सरकारी ठेका. आपण तो शिवीसारखा वापरतो आणि शिवी पिणाऱ्याला लागते, ठेका देणाऱ्याला नाही. मग मोरारजींची दारूबंदी, 6 एप्रिल 1950 पासून कडक, आणि तिच्या पोटातून निघालेले आंट्यांचे अड्डे, हेल्थ परमिट आणि परमिट रूम. दारूबंदीने एक गंमत मात्र केली. तोच रस न आंबवता, चुना लावलेल्या मडक्यात धरून, गार करून विकला तर तो सात्त्विक ठरला. दादर स्टेशनवर नीरा पिताना मला नेहमी वाटते, आपण सरकारने थांबवून धरलेली माडी पितो आहोत.

नासणारे ते सगळे चांगले, असे मात्र मी म्हणत नाही. 2015 च्या जूनमध्ये मालाडच्या मालवणीत विषारी दारूने 100 हून अधिक माणसे मेली. पण ती मिथेनॉलने मेली, आणि मिथेनॉल नासत नाही. ते दुरून येते, हात बदलत येते, आणि कालवणारा पिणाऱ्याच्या ओळखीचा नसतो.

आता गिरण्यांच्या आवारातल्या बिअरकडे येतो. ती मी प्यालो आहे आणि ती चांगली असते. बनवणारी पोरे जीव लावून बनवतात, तेव्हा ‘कारागिराची’ हा शब्द मी बिनशर्त सोडून देतो. ‘स्थानिक’ मात्र सोडवत नाही. पाणी इथले, हॉप लाहौलमध्ये थोडा पिकतो, बाकी बहुतेक जर्मनी-अमेरिकेतून येतो. अर्थात इराणी चहातला चहाही इराणचा नसतो, त्यामुळे यावर मी अडून बसणार नाही. अडून बसायचे आहे ते ‘ताजी’वर. तिथले म्हणतील, आणि त्या तरुणाने मला चहाच्या वेळी गाठून म्हटलेही, की आमची बिअरसुद्धा गाळलेली नसते, तापवलेली नसते, बाहेर ठेवली तर नासते. तुमच्याच व्याख्येत बसते की.

बसत नाही. बाहेर ठेवली तर नासते, म्हणून ती बाहेर ठेवतच नाहीत. थंडगार स्टीलच्या टाकीत, वायूच्या दाबाखाली, ती आठवडेच्या आठवडे तरतरीत राहते. त्यांच्याकडे नासणे हा अपघात आहे, यंत्रणा बिघडली तर होणारा. त्या खेड्यातल्या मालकाकडे ते रोजचे होते, तोटी ठोकताना मनात धरायचे. ताजेपणा यंत्राने विकत घेता येतो, आणि एकदा घेतला की उद्या कोण येणार हे मालकाला माहीत असण्याचे कारणच उरत नाही. उद्या परळचा माणूस आला काय आणि विमानतळावरून उतरलेला आला काय, टाकीला फरक पडत नाही. त्या आवारापासून हाकेच्या अंतरावर चाळी आहेत. चाळीतला माणूस तिथे जात नाही तो केवळ बिल परवडत नाही म्हणून, असे सगळे धरून चालतात. बिल मोठे आहे हे खरे. पण तो गेला नाही तर तिथले काहीच वाया जात नाही, हे त्यालाही कळते.

कॅम्रानेही 2018 मध्ये एका बाबतीत हात टेकले. अर्धवट पिंपात हवेऐवजी हलकासा वायू सोडणाऱ्या उपकरणाला त्यांचा कित्येक वर्षे विरोध होता, तो त्यांनी मागे घेतला. बिअर जास्त दिवस टिकते, पब वाचतात, असे त्यामागचे म्हणणे. माझ्या मते तिथे ते चुकले. पण बुडणाऱ्या पबच्या मालकाला किनाऱ्यावरून शहाणपण शिकवणे सोपे आहे.

त्या तरुणाच्या बाजूचा एक मुद्दा मी टाळू शकत नाही. त्याच्या पबमध्ये बायका निर्धास्त बसतात. परळ-लालबागच्या परमिट रूममध्ये बाई टेबलाशी बसलेली मी तीस वर्षांत पाहिली नाही. अड्डे चालवायला आंट्या होत्या, बसायला सगळे पुरुष. यावर माझ्याकडे उत्तर नाही. एवढेच म्हणतो की हे श्रेय टाकीचे नाही, दाराचे आहे.

मग परमिट रूमचे काय? तिथे सीलबंद क्वार्टर येते, 180 मिलिलिटर, लालबागला तीच आणि लातूरला तीच. माझ्या भेदाप्रमाणे ती खोली शेजाराची असायचे काही कारण नाही. कायद्याने तर ती निव्वळ परवान्याची खोली आहे: विदेशी मद्यासाठी दिवसाचे परमिट पाच रुपये, देशीसाठी दोन, आणि हजार रुपयांत जन्मभराचे. पूर्वी मी स्वतःची समजूत घालत असे की तिथला राबता पाळीमुळे होता. गिरणीचा भोंगा वाजायचा, माणसे यायची. पण जानेवारी 1982 च्या संपानंतर भोंगे थांबले आणि चाळीस वर्षांनीही काही खोल्यांत तीच माणसे, किंवा त्यांची मुले, त्याच खुर्च्यांवर बसतात. माझा भेद इथे पांगळा पडतो असे मला बरेच दिवस वाटत होते.

लालबागला बाजारामागच्या गल्लीत एक अशी खोली आहे. चार पायऱ्या खाली, आठ टेबले, वॉशबेसिनवर तडकलेला आरसा, गल्ल्यामागे गणपती आणि साईबाबा. गेल्या श्रावणात, गटारी उलटून गेल्यावर, एका बुधवारी तिथे बसलो होतो. शेजारच्या टेबलावर गिरणीतले एक निवृत्त जॉबर. त्यांनी काही मागितले नाही, तरी समोर निप, साधे पाणी आणि बशी आली. बशीत उकडलेले काळे चणे, वर कांदा, चिमूटभर तिखट. चण्याचे पैसे लागत नाहीत. बशी रिकामी झाली की भरली जाते. मी सहज मुदपाकखान्याच्या दाराशी गेलो तर गॅसवर ॲल्युमिनियमचा मोठा टोप, त्यात बोटभर चणे उरलेले.

वाढणाऱ्या पोराला म्हटले, आज कमी केलेत वाटते.

‘‘काका, गटारी झाली ना. आता महिनाभर अर्धाच टोप. परवा आठ किलो होते.’’

उरले तर?

‘‘उरून चालत नाहीत. उद्या वास मारतात. शेठ शिव्या घालतो.’’

चणे आदल्या रात्री भिजवावे लागतात. म्हणजे रात्री अकराला, दार ओढून घेण्यापूर्वी, कोणाला तरी ठरवावे लागते की उद्या या आठ टेबलांवर किती माणसे बसणार. श्रावणी सोमवारी किती, संकष्टीला किती, पगाराच्या दिवशी किती, अनंत चतुर्दशीच्या ड्राय डेच्या आदल्या रात्री किती. आख्ख्या खोलीत नासणारी गोष्ट ती एकच, आणि तिचा दर मेनूकार्डावर कुठेच नाही. बाटल्या कपाटात वर्षभर थांबतील. टोप थांबत नाही.

बिल दिले, बडीशेप तोंडात टाकली. पोरगा टोप कडेवर घेऊन तळ खरवडत होता. मी पायऱ्यांपाशी पोचलो तसे त्याने मागून विचारले, ‘‘काका, उद्या आहात ना?’’

गुरुवारी मी घेत नाही, म्हणालो.

त्याने मान डोलावली आणि आत तोंड करून कोणाला तरी ओरडून सांगितले, ‘‘उद्या गुरुवार रे. दीडच किलो भिजव.’’