पाटीवर लिहिलेले दान

राज्याने प्रजेचे रक्षण करावयाचे ते कोणाच्या पैशावर, हा प्रश्न आपल्याकडे फार जुना आहे. तो मोटारीच्या नंबराच्या पाटीने नव्याने उभा करावा, हे थोडे चमत्कारिक खरे. अमेरिकेतील बहुतेक घटक राज्यांत आज एक पद्धत रूढ आहे. साधी सरकारी पाटी घेतली तर नेहमीची फी पडते. वर काही डॉलर अधिक भरण्याची तयारी असेल, तर एखादे चित्र, चिन्ह किंवा वाक्य छापलेली खास पाटी मिळते, आणि तो अधिकचा पैसा त्या पाटीशी जोडलेल्या कार्याकडे जातो. फ्लॉरिडा राज्यात अशी पहिली पाटी १९८७ साली निघाली, ती आदल्या वर्षी आकाशात फुटलेल्या 'चॅलेंजर' यानातील सात अंतराळवीरांच्या स्मरणार्थ. पुढे विद्यापीठे, समुद्रगाई, क्रीडासंघ यांची रांगच लागली, आणि त्याच रांगेत सायकलस्वारांची सुरक्षितता हेही एक कार्य येऊन उभे राहिले. येथपासून ही गोष्ट केवळ हौसेची राहत नाही.

कॅलिफोर्नियाच्या विधिमंडळाने १९९२ साली मुलांच्या रक्षणासाठी अशा पाटीचा कायदा केला. तिच्यावर हृदय, हात, तारा किंवा अधिकचे चिन्ह, यांपैकी एक उमटवून घेता येते. तिच्या उत्पन्नातून पाळणाघरांची तपासणी, मुलांचा छळ रोखण्याचे प्रयत्न, तसेच सायकलवरून पडणे, पाण्यात बुडणे, मोटारीत नीट न बसविल्यामुळे दगावणे, अशा अपघातांना आळा घालण्याची कामे यांना साह्य मिळते. कोणावर सक्ती नाही, कोणाचे नुकसान नाही, आणि मुलांचे कल्याण आहे. मग आक्षेप घ्यावयाचा तो कशाला?

पहिला आक्षेप देणाऱ्याच्या हेतूवर घेतला जातो. दान गुप्त असावे. हे तर भर रस्त्यात मिरविण्याचे दान. गीतेच्या सतराव्या अध्यायाची कसोटी लावली, तर परतफेडीची किंवा फळाची अपेक्षा ठेवून दिलेले हे दान राजस ठरेल, यात शंका नाही. परंतु या आक्षेपात मला फारसा जीव दिसत नाही. आपल्याकडे देवळाच्या पायरीवर आणि फरशीवर दात्याचे नाव कोरण्याची चाल आहे. भक्तांचे पाय आपल्या नावावर पडावेत ही नम्रता, आणि नाव वाचले जावे ही हौस, अशा दोन्ही वृत्ती त्या एका दगडात शेजारी नांदतात. कोणती किती, हे सांगणारा अजून जन्मास यावयाचा आहे. डोक्यावरच्या शिरस्त्राणामुळे वाचलेल्या पोराला दात्याच्या अंतःकरणाची झडती घेण्याचे कारण नाही.

खरा प्रश्न घेणाऱ्याचा आहे. येथे घेणारा कोणी देवस्थानचा विश्वस्त नसून राज्य आहे. मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात राजाविषयी एक कठोर हिशेब मांडला आहे. प्रजेचे रक्षण करणाऱ्या राजाला सर्वांच्या धर्माचा सहावा भाग मिळतो, आणि रक्षण न करणाऱ्याला त्यांच्या अधर्माचाही सहावा भाग भोगावा लागतो. त्या ग्रंथातील कितीतरी गोष्टी आज आपण टाकून दिल्या, आणि त्या टाकणेच योग्य होते. पण या हिशेबातील मर्म टाकण्याजोगे नाही. कर घेतला त्याच क्षणी रक्षणाचे ऋण अंगावर आले. ते फेडण्यासाठी राज्याने पुन्हा प्रजेपुढे झोळी पसरावी, आणि झोळीत पडेल तेवढेच रक्षण करावे, हे ऋणकोने धनकोकडेच वर्गणी मागण्यासारखे आहे.

शिवाय झोळीत काय पडते, हे संकटाच्या मोठेपणावर ठरत नाही, लोकांच्या जिव्हाळ्यावर ठरते. कॅलिफोर्नियात नवी खास पाटी काढावयाची तर आधी ७,५०० लोकांचे पैसे भरलेले अर्ज गोळा करावे लागतात. छापखान्याच्या खर्चाच्या दृष्टीने ही अट रास्त असेल. परंतु तीच अट रक्षणाच्या दाराशी उभी केली, म्हणजे तिचा अर्थ बदलतो. लहान मुलाला साडेसात हजार चाहते सहज मिळतील. रात्रपाळी संपवून अंधाऱ्या हमरस्त्याच्या कडेने घरी चालत जाणाऱ्या मजुराला ते मिळतील काय? व्यसनातून सुटू पाहणाऱ्याला, तुरुंगातून बाहेर आलेल्याला? आणि ही सगळी वर्गणी मोटारवाल्यांची. ज्याच्यापाशी मोटारच नाही, त्याला या दानपेटीत हात घालण्याचाही अधिकार नाही. धोका मात्र त्याच्याच वाट्याला अधिक येतो.

यावर कोणी म्हणेल की, ही तात्त्विक चिकित्सा पोट भरल्यावरची आहे. विधिमंडळ नवा कर बसवावयास तयार नाही, पाटी नसती तर ही कामे झालीच नसती. हे म्हणणे मी हलके लेखीत नाही. नसण्यापेक्षा अपुरे असणे बरे, हा न्याय संसारात पदोपदी लावावा लागतो. पण अपुऱ्या सोयीला एक खोड असते. ती आहे म्हणून पुरी सोय करण्याची निकड कोणाला वाटेनाशी होते. पाटीचे उत्पन्न येतेच आहे, मग अंदाजपत्रकात वेगळी तरतूद कशाला, असा विचार करण्याचा मोह कोणत्याही अर्थखात्याला होणे स्वाभाविक आहे. म्हणून वर्गणी नको असे मी म्हणत नाही. ती पानातल्या चटणी-कोशिंबिरीसारखी असावी. भात राज्यानेच वाढावा.

याहून गंभीर गोष्ट वचनाची आहे, आणि तिचे उदाहरण कॅलिफोर्नियानेच पुरविले. ११ सप्टेंबर २००१ च्या हत्याकांडानंतर त्या राज्याने २००२ साली एका स्मरणपाटीचा कायदा केला. तिच्यावरील वाक्याचा अर्थ, आम्ही कधीही विसरणार नाही, असा. तिच्या उत्पन्नातील ८५ टक्के दहशतवादविरोधी कामाला आणि १५ टक्के मृत कॅलिफोर्नियावासीयांच्या आप्तांच्या शिष्यवृत्त्यांना, अशी वाटणी कायद्यातच होती. २०१२ साली वृत्तपत्रांनी उघडकीस आणले की, तूट भरून काढण्यासाठी लागोपाठच्या दोन गव्हर्नरांच्या कारकिर्दीत या निधीतून सुमारे ३० लाख डॉलर उचलले गेले होते. सरकारच्या भाषेत ते कर्ज होते. पुढे २०१३ साली राज्याच्या लेखापरीक्षकानेही खास पाट्यांच्या निधीतील काही खर्च नियमात न बसणारा किंवा कागदपत्रांचा आधार नसलेला असल्याचे नमूद केले.

तिजोरीचा पैसा एका खात्यातून दुसऱ्यात हलविणे हा राज्यकारभारातला रोजचा व्यवहार आहे. साध्या कराच्या बाबतीत त्याचे कोणाला दुःख होत नाही. मग येथेच ते का व्हावे? याचे उत्तर अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाच्या एका वेगळ्याच निकालात मला सापडते. टेक्सास राज्याने गुलामगिरीच्या पक्षाने लढलेल्या दक्षिणी संघाचे निशाण असलेली पाटी काढण्यास नकार दिला, तेव्हा २०१५ साली पाच विरुद्ध चार मतांनी न्यायालयाने ठरविले की, खास पाटीवरील मजकूर हे राज्याचे स्वतःचे बोलणे आहे. म्हणून काय बोलावयाचे नाही, हे राज्य ठरवू शकते. निकाल वाक्स्वातंत्र्यापुरता आहे. परंतु त्यातून निघणारे नैतिक अनुमान टाळता येत नाही. पाटीवरचे शब्द जर राज्याचेच, तर 'विसरणार नाही' हे वचनही राज्यानेच दिलेले. गाडीचा मालक रस्तोरस्ती ते वचन मिरवीत होता, पैसेही त्यानेच भरले होते. आणि बोलणारा मात्र त्याच काळात निधीत हात घालीत होता. नकळत त्या मालकाला खोट्या साक्षीला उभे केले गेले. कराच्या अपव्ययात जे होत नाही, ते येथे होते.

आपल्याकडची पाटी अजून इतकी बोलकी झालेली नाही. 'केए २२' म्हटले की बेळगाव, 'एमपी ०९' म्हटले की इंदूर, एवढेच ती सांगते. सीमाभागातल्या माणसाच्या मनात तेवढ्यावरूनही बरेच काही येऊन जाते, तो विषय वेगळा. आपल्याकडे विकला जातो तो आवडता नंबर. महाराष्ट्राने २०२४ साली चारचाकीच्या '०००१' या क्रमांकाची फी तीन लाखांवरून पाच लाख रुपये केली, आणि कोचीत २०२५ साली '०००७' या क्रमांकासाठी लिलावात सुमारे ४६ लाख रुपयांची बोली लागली. ही निव्वळ ऐट आहे, आणि ऐट म्हणूनच ती विकली जाते. घेणारा पुण्याचा आव आणीत नाही, सरकार कसले वचन देत नाही. या व्यवहारात एक प्रकारचा रोखठोक प्रामाणिकपणा आहे, हे कबूल केले पाहिजे.

हा पैसा रस्त्यावरच्या सुरक्षिततेसाठी राखून ठेवावा, अशी सूचना कोणी केली तर ती मनाला पटण्याजोगी आहे. २०२२ या एका वर्षात भारतातील रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मेली. पैसा तेथे लागलाच तर मला आनंद होईल; मात्र त्या दिवसापासून पाटी बोलू लागेल, आणि दरवर्षी जमा किती, खर्च कोठे, याचे उत्तर नंबर घेणाऱ्याच्या हाती आपण होऊन पडले पाहिजे. आणि त्या जमेकडे बोट दाखवून मूळ तरतूद कमी होता कामा नये. २०२५ साली केंद्र सरकारने अपघातात जखमी झालेल्यांना पहिले सात दिवस दीड लाख रुपयांपर्यंत रोख न भरता उपचार देण्याची योजना लागू केली. गाडीचा विमा असेल तर विमा कंपन्यांच्या वर्गणीतून, नसेल तर सरकारी तरतुदीतून, अशी तिची रचना आहे. जखमी माणूस कोणाला आवडतो, त्याच्यासाठी किती अर्ज आले, हे तेथे विचारले जात नाही. रात्री दोन वाजता तालुक्याच्या रुग्णालयात आणलेल्या अनोळखी पादचाऱ्याला ती योजना खरोखर मिळते काय, हे मात्र आपापल्या गावी जाऊन पाहावयास हवे.