विधवेची तेलाची कुपी



२ राजे, अध्याय ४ ह्यात एका विधवेची हकीकत आहे. तिचा पती देवभीरू होता. तरी त्याच्यामागे कर्ज राहिले, आणि सावकार तिच्या दोन्ही मुलांस दास करून नेण्यास आला. अलीशा संदेष्ट्याने प्रथम घरात शिल्लक काय, हेच विचारिले. तेलाच्या कुपीवाचून काही नव्हते. देवाने तेवढेच वाढविले. मग आधी कर्ज फेडावे व उरेल त्यावर निर्वाह करावा, असा क्रम संदेष्ट्याने लावून दिला.

आपण हा क्रम उलटा करितो. लग्नातील मांडव व वाजंत्री ह्यांकरिता कर्ज काढितो, आणि हप्त्यासाठी लेकरांचे दूध व वह्या तोडितो. तंबाखूवर रोज १० रुपये गेले, तर वर्षाला ३,६५० होतात. काटकसर तेथे करावी. दर शनिवारी पतिपत्नीने एकत्र बसून प्रार्थना करावी, आठवड्याचा खर्च लिहावा, आणि मगच बाजारास जावे.

ही कृपणता नव्हे. आपल्या ऋणाचे ओझे लेकरांच्या मानेवर न ठेवणे, ही प्रीतीच होय. प्रभू आपणांस तशी सुबुद्धी देवो. आमेन.