आत काय आहे?

धरमपेठेतील एका बेकरीत मी नेहमी खारी घेण्यास जातो. गेल्या पंधरवड्यात तेथील काचेच्या कपाटात एक नवाच पदार्थ दिसला. मुठीएवढा, बदामी रंगाचा आणि चहूबाजूंनी मिटलेला. त्याचे परदेशी नाव मला नीट उच्चारताही येईना. साहजिकच मी विचारले, "आत काय आहे?" गल्ल्यावरचा मुलगा म्हणाला, "मशरूम आणि चीज." "अंडे?" "नाही." "लोणी की डालडा?" "लोणी." एवढ्यावर माझे समाधान व्हावयास हवे होते. परंतु मी पुढे विचारले, "बनवतो कोण?" मुलगा क्षणभर माझ्याकडे पाहत राहिला आणि म्हणाला, "तोच काकाजी, जो तुमची खारी बनवतो."

त्या उत्तराने मी ओशाळलो. वर्षानुवर्षे खारी खाताना हा प्रश्न मला कधीच पडला नव्हता.

नवेपणामुळे मी बिचकलो, असे म्हणावे तर त्या पदार्थात नवे फारसे नव्हते. मैद्याच्या पोळीवर लोणी पसरून तिची तीन पदरी घडी सहा वेळा घातली, की लोण्याचे ७२९ थर होतात. भट्टीत त्यांतील पाण्याची वाफ होते आणि ती एकेक पापुद्रा उचलून धरते. आपल्या चिरोट्याला साठा लावतात, तोही पदर सुटावेत म्हणूनच. सारण झाकलेले होते म्हणावे, तर आपली सांबारवडी तरी कोठे उघडी असते? कोथिंबिरीला सांबार म्हणणारे आपण वैदर्भीय, ती वडी खाताना आतील खोबरे-खसखशीची चौकशी करीत नाही. ओळखीच्या पदार्थाचे पोट आपल्याला दिसत असते, असा आपला समज असतो इतकेच.

मग 'आत काय आहे?' हे विचारूच नये काय? अवश्य विचारावे. कोणाला अंडे वर्ज्य असते, कोणाला मैदा बाधतो. खाणाऱ्याचा हा हक्कच आहे. परंतु प्रश्न दोन जातींचे असतात. एक उत्तर मिळताच शांत होतो. दुसऱ्याला कितीही उत्तरे द्या, तो नवे रूप घेऊन उभाच राहतो. पहिला पदार्थाविषयी असतो. दुसरा माणसाविषयी असतो आणि पदार्थाच्या आड लपतो. माझा शेवटचा प्रश्न कोणत्या जातीचा होता, हे त्या मुलाने माझ्याआधी ओळखले.

पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये ऑक्टोबर १८९० मध्ये व्याख्यानानंतर मंडळींपुढे चहा-बिस्किटे आली. न्यायमूर्ती रानडे आणि टिळक हे दोघेही तेथे होते. गोपाळराव जोशी यांनी उपस्थितांची नावे वृत्तपत्रात छापविली, ग्रामण्य झाले, आणि १८९२ साली रानड्यांनी प्रायश्चित्त घेतले. त्या साऱ्या वादात चहा कसा होता याला काडीचे महत्त्व नव्हते. तो कोणाच्या घरचा होता, एवढाच प्रश्न होता. आज ग्रामण्य उरलेले नाही. पण ते संपले, की प्रत्येकाच्या मनात खासगीरीत्या बसू लागले, याचा निर्णय मला तरी त्या दिवशी ठामपणे देता आला नाही.

अर्थात एक पापुद्रेदार तुकडा खाल्ल्याने कोणी उदार ठरत नाही. सहभोजनाने जात मरत नाही, हे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३६ सालीच, जातिनिर्मूलनावरील आपल्या लिखित भाषणात, स्पष्ट मांडले आहे. आपल्या घासाला आपण फार मोठे मोल देऊ नये. परंतु आपल्या नकाराचे मूळ मात्र तपासावे. 'मला आवडत नाही' हे वाक्य जिभेचे आहे. ते चाखण्यापूर्वी उच्चारले, तर बोलणारा कोणी दुसराच असतो.

मी तो पदार्थ घेतला आणि तेथेच उभ्याने खाल्ला. पापुद्रे उत्तम होते. मशरूमची चव मात्र मला मुळीच रुचली नाही. तसे त्या मुलाला सांगितले, तेव्हा तो मोकळेपणाने हसला. ती नावड आता खरीखुरी माझ्या जिभेची होती. मग नेहमीप्रमाणे पाव किलो खारी बांधून घेतली.