चुकीच्या भीतीला मिळालेले खरे उत्तर

ऑक्टोबर २०१६ मध्ये अमेरिकेच्या फेडरल कम्युनिकेशन्स कमिशनने तीन विरुद्ध दोन मतांनी एक नियम केला. घरोघर इंटरनेट पुरवणाऱ्या कंपन्यांना ग्राहकाचा ठावठिकाणा, त्याच्या पैशांचे आणि प्रकृतीचे तपशील, तो कोणत्या संकेतस्थळांवर जातो याची नोंद, यातले काहीही व्यापारासाठी वापरायचे तर आधी त्याची परवानगी घ्यावी लागणार होती. नियमाचा जीव त्या ‘आधी’मध्ये होता. बहुतेक तरतुदी अमलात येण्यापूर्वीच २३ मार्च २०१७ रोजी सिनेटने ५० विरुद्ध ४८ आणि पाच दिवसांनी प्रतिनिधिगृहाने २१५ विरुद्ध २०५ मतांनी तो मोडीत काढला. ३ एप्रिलला ट्रम्प यांची सही झाली. ज्या कायद्याखाली हे घडले त्याची मेख अशी, की काँग्रेसने नवा कायदा केल्याशिवाय कमिशनला जवळपास तसाच नियम पुन्हा करता येत नाही.

लोक खवळले, आणि ते साहजिकच होते. रद्द करण्याच्या बाजूने मत देणाऱ्या काही लोकप्रतिनिधींची नावे मोठमोठ्या फलकांवर झळकली. तुमचा ब्राउझिंगचा इतिहास आता बाजारात विक्रीला निघणार, असा प्रचाराचा सूर होता. काहींनी तर वर्गणी सुरू केली: खासदारांचाच इतिहास विकत घेऊ आणि चव्हाट्यावर मांडू. लोकांनी हौसेने पैसेही दिले. पण अमक्या खासदाराच्या नावाची चिठ्ठी लावलेला इतिहास कोणत्याही दुकानात मिळत नव्हता. जाहिरातदाराला विकली जाते ती माणसापर्यंत पोचण्याची सोय: तिशीतले, अमुक उपनगरात राहणारे, गाडी घेण्याच्या विचारात असलेले लोक. त्यांची नावे त्याला कळण्याची गरजच नसते. तेव्हा कॉमकास्ट, व्हेरायझन आणि एटी अँड टी या इंटरनेट कंपन्यांनी जाहीर केले, की आम्ही ग्राहकांचा वैयक्तिक ब्राउझिंग इतिहास विकत नाही. आरोपाला उत्तर मिळाले होते, आणि तेवढ्यापुरते ते खरेही होते. न विचारता माहिती वापरण्याचा प्रश्न मात्र तसाच राहिला.

चार वर्षांनी आपल्याकडे याच नाटकाचा प्रयोग झाला. जानेवारी २०२१ मध्ये व्हॉट्सॲपने नवे धोरण आणले आणि कुटुंबाच्या ग्रुपांवर घबराट पसरली. आता आपले मेसेज वाचले जाणार, तीन टिकांपैकी एक लाल झाली तर सरकार कारवाई करू शकते असे समजा, असले मजकूर फिरू लागले. कंपनीने वर्तमानपत्रांत पानभर जाहिराती देऊन सांगितले, की तुमचे खासगी मेसेज आम्हाला वाचताच येत नाहीत. हेही खरे. पण तक्रारीची खरी जागा दुसरीकडे होती. २०१६ मध्ये धोरण बदलले तेव्हा जुन्या वापरकर्त्यांना मालक कंपनी फेसबुकला माहिती देण्यास नकार देण्यासाठी थोडी मुदत तरी होती. २०२१ मध्ये मान्य करा नाहीतर सोडा, एवढेच उरले. भारताच्या स्पर्धा आयोगाने नोव्हेंबर २०२४ मध्ये २१३.१४ कोटी रुपयांचा दंड ठोठावला तो या सक्तीवरून. त्यात लाल टिकेचा कुठे संबंध नव्हता.

या दोन्ही प्रसंगांत घाबरणाऱ्यांची तक्रार रास्त होती, भीती मात्र भलत्याच दाराशी उभी होती. असे का होते? भीतीला चेहरा लागतो. खिडकीतून डोकावणारा, पत्र फोडून वाचणारा, घरात शिरणारा कुणीतरी लागतो. इथले नुकसान कारकुनी स्वरूपाचे आहे. सातबाऱ्यावरची एक नोंद फिरते आणि घरफोडी न होता जमीन जाते, तसे. ते फलकावर कसे रंगवणार? मग जाहिरात चोर उभा करते. तो चोर नाही हे सिद्ध करणे समोरच्याला सोपे असते आणि ते सिद्ध झाले, की सगळी तक्रारच खोटी ठरते. अतिरंजित भीती विरोधकाला खोटे बोलायला लावत नाही. खरे बोलून निसटायची वाट करून देते.

अ‍ॅरिस्टॉटलने ‘ऱ्हेटरिक’मध्ये म्हटले आहे, की भीती माणसाला विचारविनिमय करायला लावते, कारण सुटकेची थोडी तरी आशा असेल तरच भीती वाटते. भरताच्या नाट्यशास्त्रातले भय निराळे. तिथे ते भयानक रसाचा स्थायीभाव आहे. प्रेक्षकाने रस घ्यावा आणि नाटक संपल्यावर घरी जावे. प्रचाराची भीती आव आणते पहिल्या भयाचा आणि बहुतेकदा देते दुसरे. थरार ओसरल्यावर ‘मी सहमत आहे’चे बटण पुन्हा समोर येते, आणि बोट सवयीने तिकडे जाते.

घाबरवण्याचा मक्ता अर्थात एकाच बाजूकडे नव्हता. वॉशिंग्टनमध्ये गेलेला नियम २०१७ मध्येच कॅलिफोर्नियाने आपल्यापुरता आणू पाहिला, तेव्हा संगणकाच्या पडद्यावर सतत खिडक्या उघडत राहतील, सुरक्षितता धोक्यात येईल, असा धाक घालून तो रोखण्यात आला. पुढच्या वर्षी अ‍ॅलिस्टर मॅक्टॅगार्ट या बांधकाम व्यावसायिकाने जनमताचा घाट घालून सहा लाखांवर सह्या जमवल्या. त्याविरुद्ध उभ्या राहिलेल्या समितीने नाव घेतले ते कॅलिफोर्नियातल्या नोकऱ्या वाचवण्याचे. गूगल, फेसबुक, एटी अँड टी, व्हेरायझन आणि कॉमकास्ट यांनी तिला प्रत्येकी दोन लाख डॉलर दिले. अखेर २८ जून २०१८ रोजी तडजोडीचा कायदा झाला. त्याने नागरिकाला ‘माझी माहिती विकू नका’ असे सांगण्याचा हक्क दिला. हक्क मोलाचाच, पण सोळा वर्षांखालची मुले सोडली तर नकार कळवण्याचे काम नागरिकाच्याच गळ्यात राहिले. परवानगी आधी मागण्याचा मूळ आग्रह या धुमश्चक्रीत मागे पडला, आणि त्यासाठी फारसे कुणी रडलेही नाही. तो कधी फलकावर आलाच नव्हता.

म्हणून भीती वापरूच नये, असे मी म्हणणार नाही. कंटाळवाण्या कलमाकडे निर्धास्त माणूस ढुंकूनही पाहत नाही. पण घाबरवणाऱ्याने आधी प्रतिपक्षाच्या जागी बसून आपल्या आरोपाचे सर्वांत प्रामाणिक एका ओळीचे उत्तर लिहून पाहावे. त्या ओळीने आरोप कोसळत असेल, तर तो बदलावा. ‘तुमचे मेसेज वाचतात’ हा आरोप एका वाक्यात उडतो. ‘तुम्हाला न विचारता ठरवतात’ हा उडत नाही. त्याला उत्तर द्यायचे तर आधी विचारायला सुरुवात करावी लागते.