कुठे शिवू द्यावं, कुठे अडवावं

शिर्डीत हंडी म्हटलं की साईबाबांच्या दोन हंड्या आठवतात. गोविंदराव दाभोलकरांच्या ‘श्रीसाईसच्चरिता’त त्यांचं वर्णन आहे: एक 50 जणांपुरती, दुसरी 100 जणांपुरती. बाबा कधी गोड भात रांधत, कधी पीठ शिजवून त्यात ताक मिसळून अंबील करत. ही अंबील कुणी बिनकल्हईच्या तांब्याच्या भांड्यात शिजवली, तर ती कळकते. ताकातलं आम्ल तांबं विरघळवतं, चव तुरट होते, खाणाऱ्याला मळमळतं.

यात भांड्याचा दोष नाही. तांबं पोटातल्या पदार्थाशी देवघेव करतं, हा त्याचा स्वभावच आहे. काच तटस्थ राहते, स्टीलही बहुतेक वेळा तसंच राहतं. तांब्याला ते जमत नाही. आपल्या घरांनी हे रसायन सूत्रांविना ओळखलं होतं. पिण्याचं पाणी रात्रभर तांब्याच्या कळशीत ठेवायचं, पण ताक, कढी, लोणचं तिच्या जवळही न्यायचं नाही. काळवंडलेली कळशी मात्र चिंचेनंच घासायची. जे आम्ल अन्न बिघडवतं, तेच बाहेरून काळा थर विरघळवून तांबं उजळवतं.

स्वयंपाकासाठी हा स्पर्श अडवावा लागे. कल्हईवाला भांडं तापवून नवसागरानं आतला थर साफ करी आणि कथील फिरवी. कथील 232 अंशांना वितळतं, तांबं 1085 अंशांना. म्हणून एकाला धक्का न लावता दुसऱ्याचं अस्तर देता येतं. बाहेरचं तांबं आच झपाट्यानं पसरवतं, आतलं कथील अन्न राखतं.

गोव्यातल्या फेणीच्या भट्टीत मात्र हाच स्पर्श मुद्दाम हवा असतो. काजूच्या बोंडांचा आंबवलेला रस ‘भाणा’त उकळतो. पूर्वी ही भाणं मातीची असत, पुढे तांब्याची आली. वाफ नळीतून जाऊन थंड केलेल्या ‘लावणी’त उतरते. पहिल्या ऊर्ध्वपातनाचा उर्राक, पुन्हा गाळल्यावर फेणी. रस आंबताना गंधकाची दुर्गंधी संयुगं तयार होतात. तापलेल्या उघड्या तांब्याला वाफ भिडली की ती धातूला चिकटून राहतात आणि पुढे जाणारा गंध निवळतो. आंबट रसात तांबं उतरत नाही का? उतरतं. पण तांब्याचे क्षार वाफेबरोबर उडत नाहीत, भाणाच्या तळच्या गाळातच राहतात. जपायचं ते पुढच्या नळीला: तिथे आंबट वाफ थंड होते आणि तांबं उतरू शकतं, म्हणून पडून राहिलेली भट्टी नीट धुतल्याशिवाय पेटवू नये. अशा देवघेवीत भांडंही झिजतं, वर्षांगणिक पातळ होत जातं. मला या धातूचं मोठेपण या झिजण्यात दिसतं.

असं झिजणारं भांडं घडवणाऱ्या तांबटाच्या हाताला म्हणूनच किंमत आहे. पुण्याच्या कसबा पेठेतल्या तांबट आळीत पत्र्याला मठार देतात, म्हणजे हातोडीनं ठोके घालतात. ठोकल्यानं तांबं कडक होतं, फार ठोकलं तर तडकतं. मधूनमधून लाल तापवून ते पुन्हा मऊ करावं लागतं. बंब, घंगाळ, हंडा, सगळे याच घाव-तापाच्या मेळातून घडतात.

गोव्यातल्या भट्टीत तांबं राहिलं; महाराष्ट्रात मात्र दारूची घरगुती भट्टी मोडली ती कायद्यानं. मुंबई इलाख्याच्या 1878 च्या अबकारी कायद्यानं गाळपावर सरकारी पकड आवळली, 1949 च्या दारूबंदी कायद्यानं ती आणखी घट्ट केली. दारूच्या पायी संसार बुडालेले पाहिले की या बंदीमागची कळकळ समजते. पण चोरून गाळणाऱ्याला महागडं तांब्याचं भांडं कसं परवडावं? धाड पडली की टाकून पळता येईल असं पत्र्याचं पिंपच त्याच्या सोयीचं. दारू थांबली नाही, तिच्यातून तांबं तेवढं गेलं.

स्पिरिटच्या मोठ्या कारखान्यांना मात्र तांबं सोडता आलं नाही. जिथून सुरुवात केली त्या शिर्डीभोवतीचा मुलूख उसाचा. विठ्ठलराव विखे पाटलांनी प्रवरेचा सहकारी साखर कारखाना याच भागात उभा केला. आपल्याकडे पांढरी साखर करताना रस गंधकाच्या धुरानं स्वच्छ करतात, आणि तो गंधक मळीत उतरतो. म्हणूनच मळीपासून स्पिरिट काढणाऱ्या उंच स्तंभांत, बाकी सगळं स्टीलचं असलं तरी, वाफेच्या वाटेवर तांब्याच्या ताटल्या बसवण्याची रीत आहे.